डावं सिलिंडर आणि अहिराणी

नाशिकहून धुळ्याला जायला सरळ, रुंद हायवे आहे. तो आम्ही घेतला नाही. सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री असा वळसा घालून गेलो, कारण गाडी मी चालवणार होते आणि मला ट्रकांची भीती वाटते. गाडी म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल. मागे बसणार होता माझा नवरा, प्रकाश.

हा काही पराक्रम नाही, हे आधीच सांगून टाकते. मी छप्पन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. ही गाडी प्रकाशनेच मला लग्नानंतर शिकवली होती; तो मोटार मेकॅनिकचा शिक्षक, त्यामुळे शिकवणं काटेकोर. पण तेव्हा मी ती भाजी आणायला नेण्याइतपतच चालवायची. सव्वा वर्षापूर्वी प्रकाशच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. पाय सुधारला, उजवा हात अर्धाच सुधारला, आणि बोलणं गेलं. म्हणजे समजतं सगळं. हिशेब समजतो, विनोद समजतो, कोण किती खोटं बोलतंय तेही समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत. चष्मा हवा असला की तो ‘चमचा’ म्हणतो. आपण चुकलो हे त्याचं त्यालाच लगेच कळतं, आणि मग तो गप्प होतो. हळूहळू त्याने बोलण्याचा प्रयत्नच सोडला.

त्याची थोरली बहीण, आमच्या अक्का, तापीकाठच्या एका खेड्यात राहतात, चोपड्याच्या अलीकडे. आई लहानपणीच गेल्यावर त्यांनीच प्रकाशला वाढवलं. आजारानंतर अक्का रोज फोन करायच्या आणि प्रकाश रोज फोन माझ्या हातात परत द्यायचा. अक्कांचे गुडघे गेलेले, त्यांना येणं शक्य नाही. डिसेंबरात त्या मला म्हणाल्या, “त्याला बोलता येत नसेल तर नको बोलू दे. पण मला बघू तर दे.”

मी रेल्वेचं विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली. मोटारीचं विचारलं, मान हलवली. मग खिडकीपाशी गेला आणि खाली पार्किंगमध्ये बोट दाखवलं. आजारानंतर तो रोज तासभर त्या गाडीपाशी बसून तिला डाव्या हाताने पुसत असे. डॉक्टरांनी बऱ्याच अटी घालून परवानगी दिली. तासातासाला थांबायचं, सावकाश जायचं, आणि माझ्या कमरेला रुंद पट्टा, त्याला दोन मुठी शिवलेल्या, म्हणजे त्याला धरायला बरं.

साक्रीच्या अलीकडे

जानेवारीचा पहिला आठवडा होता. पिंपळनेर सोडलं तेव्हा डोंगर मागे पडत होते आणि दोन्ही बाजूंना हरभरा, गहू, मध्येच कांद्याचे वाफे. मी चिपळूणकडची. आमच्याकडे रस्त्यावरून घर दिसत नाही, झाडंच दिसतात. इथे एखादा माणूस शेतात वाकला तरी कोसभरावरून दिसतो. मला हे आधी उघडं-उघडं वाटायचं. त्या दिवशी मात्र बरं वाटलं, म्हणजे काही झालं तर कुणीतरी आपल्याला बघेल.

आणि झालंच. एका मोरीवर गाडी जरा आपटली आणि तिचा आवाज बदलला. दोन सिलिंडरांचा आवाज एकात एक मिसळलेला, सलग असतो. तो तुटला. फट्, फट्, फट्. हँडल थरथरायला लागलं, चढावर जोर निघेना. मी मूठ पिळली तरी वेग पंचवीसच्या वर जाईना.

प्रकाशने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. थांब.

लिंबाखाली गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. तो उतरला, पाण्याची बाटली घेतली आणि डाव्या हाताने इंजिनातून निघणाऱ्या दोन्ही नळ्यांवर थेंब टाकले. उजव्या नळीवरचा थेंब चर्रकन उडून गेला. डाव्या नळीवरचा ओघळून खाली गेला. त्याने माझ्याकडे बघितलं. एक सिलिंडर जळत होतं, एक गार होतं.

पुढचं मला माहीत होतं, कारण त्याने मला ते कधीकाळी फळ्यावर काढून शिकवलं होतं. इंजिन बंद केलं आणि डाव्या बाजूचा प्लग पान्ह्याने काढला. ओला, काळा, पेट्रोल आणि ऑइलने माखलेला. मी तो पुसला, काजळी खरवडली, परत बसवला. किक मारली. दोन्ही सिलिंडर एकदम बोलायला लागले. मला इतका आनंद झाला की मी एकटीच गाडीवर बसून पुढच्या वळणापर्यंत जाऊन आले. सुरेख चालली. परत येऊन म्हटलं, “बस, प्रकाश. झालं.”

तो बसला. पुढचा पहिला खड्डा येईपर्यंत सगळं ठीक होतं. त्यात गाडी आपटली आणि डावं सिलिंडर पुन्हा गेलं.

साक्रीच्या बाजारात मी नवा प्लग घेतला, तिथेच बसवला, तरी तेच. गणितात याला चुकीचं गृहीतक म्हणतात, पण मी अजून प्लगलाच चिकटून होते. शेवटी फट्-फट् करत, मागच्या प्रत्येक टेम्पोला वाट देत, आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लॉजशेजारच्या खाणावळीत शेवभाजी मागवली. लालभडक तर्री बघून मी दही मागितलं. प्रकाशने काही न मागता दोन वाट्या संपवल्या, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर कित्येक दिवसांत न पाहिलेलं समाधान.

धुळे

लॉजवाल्याने सकाळी सांगितलं, “जुन्या टू-स्ट्रोकसाठी रफिकभाईंकडेच जा, बाकीचे हात लावणार नाहीत.” गॅरेज म्हणजे पत्र्याखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा. रफिकभाई सत्तरीचे, पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. गाडी बघून आधी त्यांनी टाकीवर हात फिरवला. मग मला विचारलं, “भाभी, आप चलाके लाए?” मी हो म्हटल्यावर प्रकाशकडे बघून हसले. “और साहब बैठके आए. नसीबवाले है.”

मी घाईने सांगायला लागले, की यांना बोलायला त्रास होतो, मीच सांगते काय झालं ते. गेल्या सव्वा वर्षात हे वाक्य मी दुकानांत, बँकेत, दवाखान्यांत इतक्यांदा बोलले आहे की ते तोंडातून आपोआप येतं. रफिकभाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मूळ गाव कोणतं साहेबांचं?”

“चोपड्याकडचं. तापीकाठचं.”

“मंग त आपलाच माणूस!” ते प्रकाशकडे वळले. माझं बोलणं जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. “काय व्हयनं भाऊ गाडीले?”

आणि प्रकाश म्हणाला, “डावं मरी गयं.”

मी हातातला रुमाल तसाच धरून उभी राहिले. सव्वा वर्षात त्याने तीन शब्द एकापुढे एक असे म्हटले नव्हते. ‘डावं मेलं.’ एवढंच, पण सरळ, न अडखळता, चुकीचा शब्द मध्ये न येता.

रफिकभाईंना त्यात काहीच विशेष वाटलं नाही, त्यांना कसं वाटणार? त्यांनी पुढचं विचारलं. “कोठे?” प्रकाश म्हणाला, “साक्री.” “प्लग बदला?” प्रकाशने मान डोलावली आणि माझ्याकडे बोट केलं. “ही... हिनी बदला.” म्हणजे हिने बदलला.

प्रकाशची बोली अहिराणी हे मला माहीत होतं, पण नुसतं माहीत होतं. सोळाव्या वर्षी तो नाशिकला शिकायला आला तेव्हा वसतिगृहात मुलं त्याच्या ‘शे’ला, म्हणजे ‘आहे’ला, हसली, आणि त्याने ती भाषा मिटून ठेवली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. भांडताना, लाडात, तापात बरळतानासुद्धा तो माझ्याशी कधी अहिराणीत बोलला नव्हता. गावी गेलो की अक्काही माझ्यासाठी पुस्तकी मराठी बोलायच्या, आणि त्यांच्यापुढे प्रकाशही तीच बोलायचा. माझ्या सोयीसाठी.

रफिकभाईंनी दोन तास काम केलं. ठिणगी पाडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कॉइल एकमेकींच्या जागी लावून पाहिल्या, डाव्या पॉइंटची पानं घासली, कंडेन्सर बदलला. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. निळी ठिणगी कडक पडली. मग स्वतः गाडीवर बसून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि आले. आवाज सलग होता.

“अब कुछ नहीं होगा,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “हुवा तो फोन करना. मैं आता.”

मी आभार मानत होते, पण माझं अर्धं लक्ष प्रकाशकडे होतं. तो आणि रफिकभाई एकमेकांशी तुटक काहीतरी बोलत होते आणि हसत होते. मला आनंद झाला होता. खरं सांगायचं तर त्या आनंदाच्या खाली थोडंसं दुखतही होतं. त्याचा एकेक शब्द निघावा म्हणून मी सव्वा वर्ष धडपडले होते, आणि ते शब्द एका अनोळखी माणसाच्या एका प्रश्नाने निघाले. तेही मला अर्धवट कळणाऱ्या बोलीत.

अमळनेरच्या वाटेवर

फागणं गाव मागे टाकून अमळनेरच्या रस्त्याला लागलो. वेचणी संपत आलेल्या कापसाच्या शेतांत चुकलेली बोंडं पांढरी दिसत होती. दहा-बारा किलोमीटर गाडी छान गेली. मग एका खड्ड्यात आपटली, आणि फट्, फट्, फट्.

मी बाभळीखाली थांबले. तिथे एक साठीची बाई पोत्यावर बोरं आणि ओल्या हरभऱ्याच्या जुड्या मांडून बसली होती. तिने आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे मला बरं वाटलं, कारण मला रडू येण्याच्या बेतात होतं. इंजिन चालूच होतं. मी हेल्मेट काढलं आणि फोन हातात घेतला. रफिकभाईंना बोलवायचं की नाशिकला भाच्याला फोन करून टेम्पो मागवायचा, याचा विचार करत होते. परत जायचं हे मनात जवळजवळ ठरलं होतं.

प्रकाश खाली उतरला. इंजिनाकडे कान करून उभा राहिला. मग सीटवर डाव्या हाताचा तळवा जोरात आपटला आणि म्हणाला, “मी उतरस. तू जाय.”

“कुठे जाऊ?”

“जाय.” त्याने रस्त्याकडे हात केला. चेहरा लाल झाला होता, जसा शब्द अडकल्यावर होतो. मग एकदम त्याला वाक्य सापडलं. “मी नही, तव्हय चालस.”

हे मला कळलं. मी नसतो तेव्हा चालतं.

सव्वा वर्षात जे मी त्याच्या डोळ्यांत वाचायला घाबरत होते, ते त्याने शेवटी बोलून दाखवलं असं मला वाटलं. तुझं माझ्यावाचून चालतं. मी ओझं आहे. मला इथे उतरव आणि जा. मी फोन सीटवर टाकला आणि ओरडले. “असं कसं बोलवतं रे तुला? कुणासाठी आले मी इथवर? तुझ्याशिवाय काय चालतं माझं? सांग, काय चालतं?” आणि मग मी रस्त्याच्या कडेला, परक्या बाईसमोर, रडायला लागले.

प्रकाश गोंधळून गेला. तो एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघत होता. “नही, नही,” म्हणत होता आणि पुन्हा सीटवर हात आपटत होता. त्यामुळे मी अजूनच रडत होते.

ती बाई उठली. लुगड्याला हात पुसत जवळ आली आणि प्रकाशला अहिराणीत काहीतरी विचारलं. त्याने सीटकडे, इंजिनाकडे, स्वतःकडे हात करून दोन-तीन शब्द सांगितले. बाईने ऐकलं, मान डोलावली आणि माझ्या दंडाला धरलं.

“बाई, त्या गाडीनं सांगी ऱ्हायनात.”

मला ते कळलं नाही. मग ती माझ्यासाठी सावकाश, शाळेतल्या मराठीत म्हणाली, “ते गाडीचं सांगता आहेत. ते बसले की गाडी बिघडते. उतरले की चालते. तुम्ही आवाज तरी ऐका!”

मी ऐकलं. इंजिन मघापासून चालूच होतं. त्याचा आवाज सलग होता. दोन्ही सिलिंडर चालू होती.

साक्रीच्या अलीकडे मी एकटी फेरी मारून आले तेव्हा गाडी चालली. रफिकभाई एकटे गेले तेव्हा चालली. प्रकाश मागे बसला आणि खड्ड्यात आपटली की बंद पडली. एवढं साधं निरीक्षण, आणि आयुष्यभर मुलांना ‘आधी दिलेलं काय ते नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. त्याला दिसलं होतं. मी रडत होते आणि तो बिघाड शोधत होता.

प्रकाश मागच्या बाजूला बसला. फट्, फट्. उठला. सलग. बसला. फट्, फट्. तो आता हसत होता.

“थांबा,” बोरंवाली बाई म्हणाली. “मी बठस.” आणि खरोखरच लुगडं सावरून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती मागच्या सीटवर चढून बसली. फट्, फट्, फट्. “अय माय!” ती खिदळली. “माले बी नही लई जात ही!” मलासुद्धा नेत नाही म्हणे.

म्हणजे दोष प्रकाशचा नव्हता. जो कुणी मागे बसेल त्याच्या वजनाचा होता. हे मला माहीतच होतं असं आता वाटतं, पण त्या बाईने बसून दाखवलं तेव्हा मला किती हलकं वाटलं ते मलाच ठाऊक.

इंजिन बंद करून सीटचं कुलूप उघडलं आणि सीट वर उचलली. प्रकाशने वाकून डावं बोट एका ठिकाणी ठेवलं. “आठे.” इथे. पॉइंटकडून डाव्या कॉइलला जाणारी करड्या रंगाची वायर सीटच्या पत्र्याच्या कडेखाली सरकली होती. पत्रा वायरवर टेकू नये म्हणून तिथे रबराचं एक बुटूक, छोटा ठोकळा, असतं, ते कधीच पडून गेलेलं. खड्ड्यात आपटली की वायर कडेखाली सरकायची, आणि मागे वजन आलं की कड तिच्यावर दाबायची. वरचं आवरण कापलं गेलं होतं, आतली तांब्याची तार चमकत होती, आणि पत्र्यावर काळा डाग पडला होता. तार पत्र्याला टेकली की करंट तिथेच जिरायचा, प्लगपर्यंत काही पोचायचं नाही.

हत्यारांच्या पिशवीत काळी चिकटपट्टी होती. मी वायर कडेपासून बाजूला ओढली, पट्टी गुंडाळायला घेतली. प्रकाश सांगत होता. “गुंडाय. आखो गुंडाय.” अजून गुंडाळ. त्याने डाव्या हाताने वायर ताणून धरली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं, जी अजून नीट मिटत नाहीत, तिच्याखाली टेकवली होती. आमची डोकी एकमेकांना लागत होती. मी पट्टी जरा सैल लावली तर त्याने जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं, वर्गात करायचा तसं.

बुटकाच्या जागी काय लावायचं? बाईने हरभऱ्याच्या जुड्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधल्या होत्या. तिने एक पट्टी सोडली, विळ्याने तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. त्याची घडी करून मी पत्र्याखाली घट्ट बसवली.

मग आम्ही दोघं बसलो. किक मारली, आणि मी मुद्दाम त्याच खड्ड्यातून दोनदा गाडी घातली. आवाज तुटला नाही.

बाईचं नाव इंदूबाई. निघताना तिने माझ्या ओढणीच्या पदरात मूठभर बोरं बांधली आणि म्हणाली, “भाऊले बोलू द्या. घाई नका करू.” मी म्हटलं, “मी कुठे घाई करते?” ती आपल्या पोत्याकडे परत गेली.

तापी ओलांडून

अमळनेरला चहा घेऊन पुढे निघालो. तापीच्या पुलावर प्रकाशने खांद्यावर थोपटलं. मी थांबले, मला वाटलं पुन्हा गाडी. पण तो उतरून कठड्यापाशी गेला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. पुलापासून अक्कांचं गाव अगदी जवळ. मला कळलं, त्याला भीती वाटत होती. माझ्यापुढे तो सव्वा वर्ष असा होता, मी त्याला बघितलं होतं, सवय केली होती. अक्कांनी बघितलं नव्हतं. मी गाडीपाशीच थांबले. पंधरा मिनिटं झाली असतील. मग तो स्वतःच येऊन बसला.

अक्का ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला धाकधूक होती, की त्या रडतील, त्याच्या हाताला हात लावून रडतील, आणि तो मिटून जाईल. अक्का रडल्या नाहीत. गाडी थांबताच म्हणाल्या, “इतला उशीर?”

आणि प्रकाश सांगायला लागला.

ओट्याच्या पायरीवर बसून, हेल्मेट मांडीवर ठेवून, त्याने साक्रीपासूनची सगळी हकीकत सांगितली. अनेक शब्द अडले. काही चुकीचे आले; वायरला तो एकदा ‘दोरी’ म्हणाला आणि एकदा ‘गाय’. मी प्रत्येक वेळी पुढे सरकत होते, शब्द द्यायला. अक्कांनी एकदाही दिला नाही. तो अडला की त्या थांबायच्या, त्याच्या तोंडाकडे बघत. शब्द आला की म्हणायच्या, “मंग?” तो पुढे जायचा. पुन्हा अडायचा. “मंग?” इंदूबाई गाडीवर बसल्याचं त्याने सांगितलं तेव्हा अक्का इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. गोष्ट संपायला पाऊण तास लागला. चुलीवरचं पाणी आटून गेलं.

तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “दमना व्हशी,” म्हणाल्या. दमला असशील. एवढंच.

आम्ही तिथे सहा दिवस राहिलो. अक्कांसमोर मी प्रकाशला अहो-जाहो करते, त्यामुळे पहिले दोन दिवस माझं माझ्याच नवऱ्याशी बोलणं पाहुण्यासारखं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी अक्काच म्हणाल्या, “घरी म्हणतेस तेच म्हण गं.” शेतात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं. हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटून वांग्यात कालवली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्याकडे वांग्याच्या भरताला नारळाचं दूध घालतात, असं मी सांगितलं तेव्हा अक्कांनी माझ्याकडे फार दयाळू नजरेने पाहिलं. बसायला केळीची पानं अंथरली होती, जेवायलाही केळीचीच पानं. प्रकाशला भाकरी एका हाताने मोडता येत नाही. अक्का त्याच्या पानात आधीच मोडलेली वाढायच्या आणि सगळ्यांच्याच पानांत मोडलेलीच वाढायच्या, माझ्याही.

तो बरा झाला, असं मी सांगत नाही. परतल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लहानपणीची भाषा अशी कधीकधी वर येते, कितपत टिकेल सांगता येत नाही. आजही तो चष्म्याला चमचा म्हणतो. पण म्हणतो, आणि गप्प बसत नाही.

मला मात्र सांगायची आहे ती पाचव्या दिवसाची सकाळ. ओट्यावर ऊन आलं होतं. अक्का आत दळण निवडत होत्या. गेलं वर्षभर मी रोज सकाळी प्रकाशपुढे वस्तू धरून ‘हे काय आहे?’ विचारत आले होते. त्या दिवशी तो माझ्यासमोर बसला, डाव्या हाताचं बोट स्वतःच्या डोळ्यावर ठेवलं आणि म्हणाला, “हाई काय शे?”

“डोळा,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. नाही.

मला कळेना. मी ‘डोया’ हा शब्द चार दिवसांत शंभरदा ऐकला असेल. ळच्या जागी इथे य येतो, हेसुद्धा वहीत लिहून ठेवलं होतं. पण त्या क्षणी, तो समोर वाट बघत असताना, माझ्या तोंडात काही येईना. दोन वेळा ओठ उघडले आणि मिटले. “डोळं?” मी म्हटलं. नाही. मला लाज वाटली. कान तापले. कुणीतरी पटकन सांगून टाकावं असं वाटलं आणि कुणी सांगू नये असंही वाटलं.

प्रकाशने सांगितलं नाही. पुढे सरकला नाही, ओठ हलवून पहिलं अक्षर दाखवलं नाही, जे मी नेहमी करते. तो नुसता बसून राहिला, बोट डोळ्यावर, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. अंगणातून एक कोंबडी गेली. शेजारी कुणीतरी पंप चालू केला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे. इतका वेळ मी त्याच्यासाठी कधी थांबले होते, ते मला आठवेना.

“डोया,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला की मीच हसायला लागले. त्याने मान मागे वळवली आणि घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, एका दमात तो ओरडला, “अक्का वं, हिले उनं! हिले उनं!”

हिला आलं.